अर्धी राहिलेली उडी

दिवेलागणीला कुणी नावाने हाक मारली तर लगेच ओ देऊ नये, हे आमच्याकडे रांगत्या मुलालाही ठाऊक असतं. तीन हाका होऊ द्याव्यात, मग बोलावं. मलाही ठाऊक होतं. तरी त्या संध्याकाळी मी पहिल्याच हाकेला ओ दिली... आणि माझ्या आयुष्याचं पुढे जे काही झालं, ते तिथूनच.

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. ईशान्य थायलंडमधल्या उबोनच्या अध्यापक विद्यालयातून शिकून नोंग वाय नावाच्या गावात नोकरीवर येऊन मला सहाच दिवस झाले होते. मठाच्या आवारात, तळ्याच्या काठाला, खांबांवर उभा एक लाकडी मंडप होता. तीच गावची बालवाडी. मुलं दुपारीच घरी गेली होती. मी चटया गुंडाळत होते. बाहेर उजेड पातळ झाला होता, बेडूक नुकते सुरू झाले होते, आणि तळ्याच्या बाजूने एका पुरुषाचा आवाज आला.

"ख्वन... ये गं, ये. चिखलात किती वेळ बसशील? भात गरम आहे, अंडं उकडलंय. चल घरी."

माझं नाव ख्वनता. घरी सगळे ख्वन म्हणत. पण या गावात ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. हा कोण मला अंडं खायला बोलावणारा, आणि तेही एकेरीत? राग आला. पण आवाज इतका मऊ होता, की रागाच्या आधी पायच निघाले.

"आले," मी म्हटलं आणि मागच्या जिन्यावर जाऊन उभी राहिले. "काय काम आहे?"

गुडघाभर पाण्यात एक तरुण उभा होता. त्याच्या हातात मासे धरायचं हातजाळं होतं, आणि ते तो पाण्यात नव्हे, पाण्याच्या वर, रिकाम्या हवेत फिरवत होता. मला बघून जाळं त्याच्या हातून सुटलं. काठावर एक म्हातारी ताटली धरून बसली होती. ताटलीत अंडं, भाताचा गोळा, एक केळं आणि पांढरा दोरा.

तेव्हा मला कळलं, आपण काय करून बसलो ते.

माणसाच्या अंगात जीव असतो, तसा ख्वनही असतो. जीव गेला तर माणूस मरतो. ख्वन गेला तर माणूस राहतो, पण रिकामा. लहान मूल कुठे पडलं, दचकलं, की त्याचा ख्वन अंगातून निसटून तिथेच बसून राहतो. मग त्या जागी जाऊन, हाका मारून, गोडीने बोलून, त्याला जाळ्यात गाळून घरी आणायचं. कुणाच्या तरी ख्वनला हाका चालल्या होत्या... आणि त्याच नावाची एक जिवंत बाई "आले" म्हणून हजर झाली होती.

"तुम्हाला नव्हतं बोलावलं," तो कसाबसा म्हणाला.

"मग माझं नाव घेऊन कुणाला बोलावत होता?"

"पाच वर्षांच्या एका मुलीला... म्हणजे तिच्या..." तो थांबला. "थांबा. तुमचं नाव खरंच ख्वन आहे?"

"जन्माचा दाखला आणून दाखवू?"

म्हातारी अंडं सोलायला बसली. ख्वन परत आला असेल तर अंडं गुळगुळीत निघतं. या अंड्याच्या पांढऱ्यावर एक खळगा होता – लहान मुलाच्या टाचेएवढा. तिने तो अंगठ्याने चाचपला आणि माझ्याकडे बघितलं.

"आला होता," ती म्हणाली. "पण हिच्याकडे गेला."

ती याय बुन. याय म्हणजे आजी. सगळं गाव तिला तसंच म्हणे. तिची नात तेन माझ्याच वर्गात होती. तेन म्हणजे गांधीलमाशी. कधीकाळी ती एका जागी ठरत नसे म्हणून पडलेलं नाव. मागच्या पावसाळ्यात ती मंडपामागच्या बांबूच्या साकवावरून तळ्यात पडली. बाहेर काढली तेव्हा श्वास चालू होता, खरचटलंसुद्धा नव्हतं. पण त्या दिवसापासून बसवावं तिथे बसायची, निजवावं तिथे निजायची. बोलणं बंद, चालणंही हाताला धरून. आईबाप बँकॉकला कामावर, घरात आजी आणि नात एवढीच.

त्या धास्तीने गावप्रमुखांनी नियम केला होता – बालवाडीत मुलांनी चटईवरून उठायचं नाही. पळणं नाही, उड्या नाहीत. माझ्या आधीच्या बाईंना ते सोयीचंच वाटलं असावं. बावीस मुलं सकाळपासून दुपारपर्यंत मांडी घालून बसलेली, बावीस पाठी वाकलेल्या... पहिल्या दिवशी मला वाटलं, मी वर्गात नाही, मठातल्या मूर्तींच्या कोठीत आले आहे. मी शिकून आले होते की या वयाचं मूल आधी अंगाने शिकतं आणि मग डोक्याने. तसं मी गावप्रमुखांना सांगितलंही. ते हसून म्हणाले, "ख्रू, शिकवा काय ते. पण एक जरी मूल पडलं, तर दुसऱ्या दिवशीची पहिली बस तुमची." ख्रू म्हणजे शिक्षिका. आदराचा शब्द, पण त्यांच्या तोंडी तो बसच्या तिकिटासारखा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी याय बुनने तेनला आणून माझ्या मांडीला मांडी लावून बसवलं.

"तिचं आहे ते तुझ्याकडे आहे," ती म्हणाली. "कसं द्यायचं ते तू बघ. वर्षावास संपेपर्यंत दिलंस तर बरं. त्यानंतर ख्वनला घरची वाट आठवत नाही."

वर्षावास म्हणजे भिक्खूंनी मठातच राहायचे पावसाळ्याचे तीन महिने. ते संपायला पाच आठवडे होते.

मी शिकलेली मुलगी. या सगळ्यावर किती विश्वास ठेवायचा हे माझं मलाच ठरवता येत नव्हतं. पण त्या दुपारी मंडपाचा जिना उतरताना मी पायऱ्या मोजल्या. सात. माझी सात पावलं वाजली... आणि मागून आठवं. टप्प. हलकं, ओलं. वळून बघितलं तर पायरी रिकामी.

"ऐकलंत ना?"

जिन्याखाली तो कालचा तरुण उभा होता. सीथोन त्याचं नाव. आजोबांकडून ख्वन बोलवायचे मंत्र शिकलेला, एरवी बांबूच्या टोपल्या आणि जाळी विणणारा.

"काय ऐकलं?" मी म्हटलं.

"काही नाही. चेहरा का पांढरा पडलाय मग?"

"तुम्हाला बघून."

तो हसला. हसताना त्याचा एक डोळा दुसऱ्याच्या जरा आधी मिटायचा. हे मी पहिल्याच वेळी का बघून ठेवलं होतं कोण जाणे.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "हाक मी मारली. म्हणून निस्तरायला मदत करणार. फक्त एक अडचण आहे. आजोबा म्हणायचे, भलत्याने ओ दिली तर ज्याचं त्याला परत पोचेपर्यंत त्या भलत्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. काढलं तर त्याचाही ख्वन सुटतो."

"म्हणजे मी भलती?"

"तुम्ही ख्रू. तेवढंच म्हणता येईल मला."

"तेवढंच म्हणायचं असतं."

"हो... सध्या तेवढंच."

मी तरातरा पुढे गेले. मागून दोन प्रकारची पावलं येत होती. त्यातली मोठी त्याची होती.

मी नियम मोडला नाही, वाकवला. चटईवरून उठायचं नाही ना? मग चटईवरच खेकडे चालवले, हातापायांवर, पोट आभाळाकडे करून. साप सरपटवले. म्हशी लोळवल्या. पहिल्या दिवशी मुलांना हातपाय कुठे ठेवायचे तेच कळेना. चार चार वर्षांची पोरं म्हाताऱ्यासारखी धापा टाकत होती. आठवड्याभरात गालांवर रंग आला. घरी जाऊन जास्त भात मागू लागली, तशा आया कुरकुरल्या आणि गप्प बसल्या.

मग आम्ही बेडूक झालो. उकिडवं बसायचं आणि टुणकन उडी, वीतभरच, चटईवरच. इथे नियम जरा जास्तच वाकला. मी टाळी दिली. एकवीस मुलं उडाली, एकवीस मुलं खाली आली. लाकडी जमीन एकदम वाजली – धडाड. मुलं हसली, हसून थांबली. आणि त्या शांततेत...

टप्प.

एकटी उडी. सगळ्यांच्या नंतर खाली आलेली. मी तेनकडे बघितलं. ती खांबाला टेकून होती तशीच होती, डोळे उघडे, पापणी हलत नव्हती.

"ख्रू, कोण राहिलं होतं?" एका मुलाने विचारलं.

"कुणी नाही," मी म्हटलं. "पुन्हा एकदा."

धडाड... टप्प.

रोज तसंच. मुलांना सवय झाली, मला झाली नाही. मी सीथोनला सांगितलं. तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला आणि माझ्या परवानगीची वाट न बघता मुलांच्या रांगेत उकिडवा बसला. उडी मारली ती सगळ्यांच्या मागून, आणि पडला असा, की भिंतीवरचा तक्ता निखळला.

"पी सीथोन," मी म्हटलं. मोठ्या भावाच्या वयाच्या माणसाला पी म्हणतात. "सगळे खाली आल्यावर तुम्ही वर?"

"मी मोठा आहे, ख्रू. मला वर जायलाच वेळ लागतो."

"आणि खाली यायला?"

"खाली यायला कारण लागतं," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघत राहिला. मुलं खिदळली. मी तक्ता उचलायला वाकले, कारण वाकायला काहीतरी कारण हवं होतं.

त्याच दिवशी जाताना तो जिन्यावर थांबला. पाऊस पडत होता, पागोळ्यांच्या पलीकडे तळं दिसत नव्हतं.

"ख्रू, एक सांगू? पडू नका, पडू नका म्हणून सांगता त्यापेक्षा त्यांना पडायलाच शिकवा."

"आणि गावप्रमुख?"

"पडलं तर बस, असं म्हणाले ना ते? मुद्दाम पडण्याबद्दल कुठे काय म्हणालेत?"

म्हणून आम्ही पिकलेले आंबे झालो. उभं राहायचं, डोलायचं, देठ तुटला की सैल होऊन चटईवर पडायचं – गुडघे, कूस, खांदा. पडल्यावर छातीवर हात ठेवून आपल्या ख्वनला विचारायचं, "आहेस ना?" आणि आपणच उत्तर द्यायचं, "आहे." हे सीथोनने शिकवलं. एक बारकी म्हणाली, "माझा म्हणतोय, भूक लागली." दुसरा म्हणाला, "माझा म्हणतोय, अजून एकदा पाड." पंधरा दिवसांत त्या मुलांची पडण्याची भीती गेली. सीथोनने बांबू बांधून वीतभर उंचीची एक फळी केली, मुलं तिच्यावरून चालत, डगमगत, पडत आणि विचारत – आहेस ना?

फक्त तेन कुणाला काही विचारत नव्हती. आणि रात्री चटईवर पडले की माझ्या पायथ्याशी ओल्या मातीचा वास यायचा... मी पाय जवळ घ्यायची आणि कधी कधी हळूच जागा करून द्यायची.

वर्षावास संपायला चार दिवस उरले. सीथोन सकाळीच येऊन फळीच्या गाठी आवळत बसला होता. त्याचे डोळे झोप नसल्यासारखे.

"पुन्हा एकदा बोलावून बघा ना तिला," मी म्हटलं.

"माझ्या हाकेला तुम्हीच येणार."

"मी नाही येणार. ओठ शिवून बसते."

"ओठांचा प्रश्न नाही, ख्रू." तो गाठीकडे बघत होता. "मी आता ते नाव उच्चारलं तर... माझ्या मनात त्या मुलीचा विचार नसेल. पाच आठवडे होत आले, मला ते नाव घेताना दुसरंच कोणीतरी दिसतं. असली हाक चालत नाही."

पागोळ्या पडत होत्या. मी उगाच चटईची कड सरळ केली.

तेवढ्यात याय बुन तेनला घेऊन आली आणि पहिल्यांदाच परत न जाता दाराशी बसली. मुलं बेडूक झाली. धडाड... टप्प. म्हातारीने मान वर केली. तिने तो आवाज कधी ऐकला नव्हता.

"हे काय?" ती म्हणाली.

"रोज येतं," मी म्हटलं. "सगळ्यांच्या नंतर."

तिचा चेहरा हळूहळू सुकत गेला. मी जवळ बसले. बराच वेळ ती सुपारीचा डबा उघडत होती आणि मिटत होती.

"ती पडली नव्हती," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"साकवावरून ती उडी मारत होती. पलीकडे मऊ चिखल होता, तिथे. मी काठावरून ओरडले. अशी ओरडले, जशी आयुष्यात कधी ओरडले नव्हते. नको, तेन, नको... तोवर तिचे पाय सुटले होते. हवेत असताना तिने माझ्याकडे बघितलं, आणि लाकडासारखी झाली, आणि वाकडी पाण्यात गेली." तिने डबा मिटला. "मी सगळ्यांना पाय घसरला म्हणून सांगितलं."

सीथोनने गाठ सोडून दिली. आम्ही एकमेकांकडे बघितलं. दोघांना एकदमच कळलं असावं. आम्ही तिला चिखलात शोधत होतो... ती चिखलात पोचलीच नव्हती. उडी अर्धी राहिली होती. रोज मुलांबरोबर ती पुरी करायला बघत होती, रोज उशीर होत होता.

"याय," मी म्हटलं, "तुम्हीच थांबवलंय तिला. तुम्हीच सांगा आता."

"काय सांगू?"

"उडी मार म्हणून."

म्हातारी घाबरली. तिने सीथोनकडून त्याचं हातजाळं मागून घेतलं, जणू नात खरंच त्यात मावणार होती, आणि फळीसमोर जाऊन उभी राहिली. मी तेनला उचलून फळीवर उभी केली. वीतभर उंची. तिचे तळवे गार आणि कोरडे होते. येतानाच रांजणापाशी तिचे पाय धुऊन मी स्वतः पुसले होते. बाकीची मुलं उकिडवी बसली. कुणी सांगितलं नव्हतं, तरी कुणी हसत नव्हतं. बाहेर बेडूकसुद्धा गप्प झाले.

याय बुनचे ओठ दोनदा हलले. आवाज फुटला नाही. मग पाण्याखालून यावा तसा आला.

"तेन... मार गं उडी. मी आहे इथे. मार."

मी टाळी दिली.

धडाड.

मुलं खाली आली आणि तशीच बसून राहिली, कान देऊन. मी श्वास धरला होता. सीथोनने धरला होता. आम्ही वाट बघितली. एक क्षण... दोन... ती उशिराची उडी आली नाही. माझ्या पाठीवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. इतके दिवस ओझं होतं हे ते गेल्यावर कळलं.

तेन फळीच्या पुढे, जमिनीवर उभी होती. दोन्ही पायांवर. तिने खाली बघितलं.

"याय," ती म्हणाली. आवाज वर्षभर न वापरलेला, खरखरीत. "माझे पाय भिजलेत."

भिजले होते. कोरड्या फळीपुढे, कोरड्या लाकडावर, तळ्यातल्या काळ्या चिखलाची दोन लहान पावलं उमटली होती आणि त्यांत ती उभी होती.

याय बुनने जाळं टाकलं आणि जमिनीवर बसून रडली. तेन तिच्याकडे बघत राहिली, मग छातीवर हात ठेवून हळूच पुटपुटली – जे ती इतके दिवस खांबाला टेकून ऐकत होती. "आहेस ना?" आणि थोडं थांबून, "आहे."

दुपारी अंडं उकडलं. गुळगुळीत निघालं. तेनने ते सगळं खाल्लं आणि दुसरं मागितलं.

मुलं गेल्यावर मी चटया गुंडाळत होते. उजेड पातळ झाला होता, बेडूक सुरू झाले होते. मागच्या जिन्याखालून आवाज आला.

"ख्वन."

माझे हात थांबले. इतके आठवडे ज्याने हे नाव दातांमागे अडवून धरलं होतं, त्याने ते असं उच्चारलं, जसं कुणी ओंजळीतलं पाणी न सांडता पुढे करतो. मी ओ दिली नाही. आता मला अक्कल आली होती.

"ख्वन... भात गरम आहे."

मी चटईची घडी नीट केली, पुन्हा मोडली.

"ख्वन. अंडं उरलं नाही, तेनने खाल्लं. नुसता भात आहे आणि मी आहे. चल घरी."

तीन झाल्या.

"आले," मी म्हटलं.

जिना उतरताना मी पावलं मोजली. सात. मागे काही नव्हतं. खाली तो उभा होता, एक डोळा दुसऱ्याच्या जरा आधी मिटत होता.

"या वेळी कुणाला बोलावलं होतं?" मी विचारलं.

"भलतीला," तो म्हणाला.

लग्नात याय बुनने, ख्वन जागच्या जागी राहावा म्हणून, आमच्या मनगटांना पांढरे दोरे बांधले, आणि तेनने इतके बांधले की आमचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले. गावप्रमुखांनी बसबद्दल पुन्हा काही काढलं नाही. बेचाळीस वर्षं आमचा संसार झाला. बालवाडीत जेव्हा जेव्हा तो यायचा, बेडकांच्या रांगेत बसायचा, आणि शेवटपर्यंत सगळ्यांच्या मागून उडायचा.

त्याला जाऊन पाच पावसाळे झाले. मंडप आता सिमेंटच्या खांबांवर आहे, पण जमीन लाकडाचीच ठेवायला लावली मी. दर बुधवारी काठी टेकत जाते, कोपऱ्यात खुर्चीवर बसते. तेनची नात आहे त्या वर्गात, आजीसारखीच. तरुण बाई टाळी देतात. मुलं उडतात, खाली येतात, धडाड... हसून थांबतात. आणि मग, बऱ्याच वेळाने, एक जड, आळशी धप्प. भिंतीवरचा तक्ता हलतो.

"जुनी लाकडं आहेत, याय," बाई मला समजावतात. मी मान हलवते.

मागच्या महिन्यात चटया गुंडाळू लागताना तळ्याच्या बाजूने हाक आली. त्याचाच आवाज. मी ओ दिली नाही. परवा पुन्हा आली, आणि या वेळी भाताचाही वास आला.

दोन झाल्या. मी आता संध्याकाळी वेणी घालून बसते.